दूध सोडलं, मटण सोडलं, तरी काटा वर का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातली. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७६ किलो. घरी शिवणकाम करते. दोन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी वजन उतरवा. मोबाइलवर बघून ‘प्लांट बेस्ड’ सुरू केलं. दूध, दही, तूप, अंडी, रविवारचं मटण सगळं एकदम बंद केलं. सव्वा महिना झाला. सकाळी पोहे नाहीतर चुरमुऱ्यांचा सुशीला, दोन वेळा चपाती, बटाट्याची भाजी, भात. आठवड्यातून तीन उपास, त्यात साबुदाणा. मधे भूक लागली तर खारी नाहीतर फळं. एक किलो वजन वाढलं आणि थकवा इतका की मशीनवर बसवत नाही. ओट्सचं दूध, टोफू, किनोआ लातूरला मिळतं, पण परवडत नाही. दारात दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. सासूबाई म्हणतात, “दारात म्हशी हायत अन् तू कोरा चहा पियालीस, हाडं ठिसूळ झाल्यावर कळंल.” पण एका व्हिडिओत रेडकाचे हाल बघितले तेव्हापासून मलाच दूध नको वाटतं. सासऱ्यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तेही म्हणतात, मी सूनबाईसारखंच खातो. काय करू?

उत्तर

ताई, तुम्ही काय काय सोडलं ते पत्रात नीट लिहिलंय. त्याच्या जागी ताटात काय आलं ते मी शोधलं, तर साबुदाणा, पोहे, बटाटा, चपाती, भात आणि खारी सापडली. वरण किंवा उसळ यांचं नाव अख्ख्या पत्रात एकदाही नाही. वजन का वाढलं आणि थकवा का आला, दोन्हींचं उत्तर मला तिथंच दिसतं.

साबुदाणा कंदापासूनच होतो. मैदा गव्हाचा, साखर उसाची आणि खारीतली वनस्पती चरबीही झाडाचीच. प्राण्यापासून आलेलं त्यात काही नसलं तरी त्यानं वजन वाढायचं थांबत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे दोन लाख लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१६ साली हेच दाखवून दिलं. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, दाणे यांवर भर असलेल्या वनस्पती आहारात टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी दिसला. मैदा, बटाटा, साखर, गोड पेयं यांवर भर असलेल्या वनस्पती आहारात तो उलट वाढलेला दिसला. दोन्ही वनस्पतींचेच आहार होते. तुम्ही इमानदारीनं पथ्य पाळलं, पण नकळत दुसऱ्या वाटेला लागलात. त्यात तुमचा दोष नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ काय सोडायचं ते ठासून सांगतात आणि त्या जागी काय खायचं म्हटलं की किनोआ दाखवतात.

तुमचा मूळ विचार मात्र बरोबर आहे, तो सोडू नका. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पती आहार आणि दोन आठवडे मांस-अंडी असलेला, अगदी कमी पिष्टाचा आहार दिला गेला. दोन्ही वेळा वाटेल तितकं खायची मुभा होती. वनस्पती आहारावर ती माणसं पोट भरून जेवूनही दिवसाला सुमारे ७०० उष्मांक कमी खात होती. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. अभ्यास छोटा आहे, पण त्यामागचं गणित सरळ आहे. भाजी, उसळ, पालेभाजी यांत पाणी आणि चोथा भरपूर असतो, म्हणून घासागणिक उष्मांक कमी पडतात आणि पोट लवकर भरतं. साबुदाण्याच्या खिचडीचं याच्या अगदी उलट आहे. एका ताटलीत साबुदाणा, कूट आणि फोडणी मिळून ५०० उष्मांक सहज जातात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते.

आता किनोआ विसरा. तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर काय पिकतं ते बघा. तूर, हरभरा, सोयाबीन, ज्वारी, करडई, जवस, कुणाच्या बांधावर हुलगे, म्हणजे कुळीथ. जगभरचे आहारतज्ज्ञ वनस्पती आहार म्हणून जे सांगतात, त्यातलं बहुतेक सगळं मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात आधीपासून आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कोपीपाशी जी भज्जी शिजते ती आठवा. ओल्या तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वालाच्या शेंगा, मेथी, गाजर, चिंच, वरून थोडं डाळीचं पीठ. सोबत ज्वारीचे उंडे. लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, इतका हा माल नावाजलेला आहे. वजन उतरवायला आलेल्या बाईला मी ताट आखून देते तेव्हा मनात हीच भज्जी असते. वर्षातून एकदा जे खातो ते आठवड्यातून तीनदा का शिजू नये?

ज्वारीबद्दल एक गैरसमज दूर करते, कारण तो रोज ऐकते. “भाकरी सुरू केली, आता वजन उतरणारच.” ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळजवळ सारखेच आहेत आणि चोथाही साधारण तेवढाच. भाकरीचा फायदा वेगळा आहे. तिला तेल लागत नाही, ती चावावी लागते आणि ती डाळीशी, पालेभाजीशी खाल्ली जाते. चपाती मऊ असते, वरून तेल लावलेली असते आणि लोणच्यासोबतही चार जातात. म्हणून भाकरी चांगली, पण मोजून. तुमच्यासाठी दिवसाला मध्यम तीन, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम पीठ. भात खायचा त्या वेळेला एक भाकरी कमी.

खरा बदल इथं आहे, ताई. आपल्याकडे भाकरी हे जेवण असतं आणि कोरड्यास तोंडी लावायला असतं. हे उलटं करा. वाडगाभर घट्ट वरण किंवा उसळ, वाडगाभर पालेभाजी नाहीतर माळवं हे जेवण, आणि भाकरी त्याला लावायला. मराठवाड्यातल्या घरांत मी पाहते, वरण इतकं पातळ असतं की वाटीच्या तळाला डाळ शोधावी लागते. पाच माणसांना मूठभर तूर. त्यामागे वर्षानुवर्षांची ओढाताण आहे, हे मला ठाऊक आहे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जायची. त्यानंतरही कितीतरी वर्षं तिच्या हातून डाळीची मूठ सैल सुटली नाही. आता रेशनला गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळे पोट त्यावर भरतं आणि डाळ विकतची म्हणून मागे पडते.

किराणा मालाची यादी काढा आणि दोन आकडे तपासा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात दिवसाला २००० उष्मांकांच्या शाकाहारी ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल सांगितलंय. घरात पाच माणसं धरली तर महिन्याला डाळी-कडधान्यं साडेबारा किलोच्या वर आणि तेल चार किलो. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हे आकडे बहुतेक वेळा उलटे निघतात. तेल सात-आठ किलो, डाळ चार-पाच. तेल लाकडी घाण्याचं असो, करडईचं असो की पाकिटातलं, एका ग्रॅमला ९ उष्मांक ठरलेले. चार किलो एका डब्यात ओतून ठेवा आणि तो महिनाभर पुरवा. येसर, म्हणजे धान्य-डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ, असला की कमी तेलातही आमटीला चव येते.

तुम्हाला प्रथिनं किती लागतात? तुमच्या उंचीला शोभेल असं वजन साधारण ५७ किलो आणि किलोमागे ०.८३ ग्रॅम हा आपल्याकडचा हिशेब. म्हणजे ४७ ग्रॅमच्या आसपास. वजन उतरवताना थोडं जास्तच मिळालेलं बरं. दिवसभरात ७५ ग्रॅम कोरडी डाळ आणि कडधान्यं मिळून घेतली तर १६ ग्रॅम. तीन भाकरी १५. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे ५. आणि २५ ग्रॅम सोयावडी १३. झाले पन्नासच्या घरात, ना टोफू ना डबाबंद पावडर.

सोयाबीनवर जरा थांबते, कारण मला त्याचं वाईट वाटतं. आपल्या शिवारात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, लातूरचा बाजार त्यावर चालतो, आणि घरात मात्र त्याचा एक दाणा शिजत नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, तुरीच्या दीडपटीहून जास्त. पण कच्चं सोयाबीन किंवा त्याचं कच्चं पीठ खाऊ नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो चांगलं शिजवल्यावरच जातो. रात्रभर भिजवा, पाणी फेका, साल चोळून काढा, मग कुकरला मऊ होईपर्यंत शिजवा आणि उसळीत किंवा डाळकांद्यात मिसळा. दळणात घालायचं तर भिजवून, उकळून, वाळवून, भाजून, नऊ किलो ज्वारीला एक किलो. बियाण्यासाठी ठेवलेल्या थैलीतलं घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा.

हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मोडाची मटकी, उडदाचं घुटं हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं येत असणार. त्यांच्याकडून शिका. “डाएट” म्हटलं की त्यांना परकं वाटतं, “माडगं कसं करायचं” विचारलंत की त्या स्वतः चुलीपाशी येतील. घरातलं भांडण निम्मं तिथंच मिटेल.

उन्हाळ्यात माळवं मिळत नाही ही अडचण खरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत बांधावरचा शेवगा उपयोगी पडतो, शेंगाही आणि पालाही. पाल्यात कॅल्शियम भरपूर. थंडीत करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी. डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा किंवा जेवणासोबत पेरूची फोड खा. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. चहा लोह शोषू देत नाही. पत्रात थकव्याचा उल्लेख आहे, म्हणून हे खास सांगते.

उपास आठवड्यातून तीन असतील आणि तिन्हीला साबुदाणा, तर बाकी चार दिवसांचं पथ्य वाया जातं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवातूनच आलीय. श्रद्धा असेल तर उपास जरूर करा. पण राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर भगर आणि पातळ दाण्याची आमटी एवढं ठेवा. भगर अख्खी आणून, निवडून, धुऊन शिजवा. भगरीचं सुटं पीठ विकत आणू नका. उपासाच्या दिवशी त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांतून येतात.

आता दुधाचं. वजन उतरवण्यासाठी दूध सोडायलाच हवं असं नाही. म्हशीचं साईसकट दूध पेलाभर प्यायलं तर अडीचशे उष्मांक होतात हे खरं. पण साय काढलेल्या दह्याचं ताक वजन वाढवत नाही. त्यामुळे केवळ काट्यासाठी दूध बंद केलं असेल तर ताक, नाहीतर रोज वाटीभर दही सुरू करा, मन शांत ठेवा. पण तुम्ही लिहिलंय की रेडकाचे हाल बघून नको वाटतं. त्या भावनेला मी वजनाच्या काट्यावर तोलणार नाही. ज्या घराचा दूध हाच महिन्याचा ताजा पैसा आहे तिथं हे बोलणंही अवघड, ते तुम्ही बोललात. घरचं दूध बंद पाडायची गरज नाही. नवऱ्याला सांगून रेडकाला पोटभर पाजल्यावर धार काढायची, एवढं तरी तुमच्या हातात आहे. आणि तुमच्या ताटात काय असावं हे तुम्ही ठरवा.

सासूबाईंच्या हाडांच्या काळजीला मात्र उत्तर द्यायला हवं. दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध सोडलं तर ते नाचणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पालेभाजी, न सोललेले तीळ यांतून मिळवावं लागेल, आणि रोज. पालकावर विसंबू नका. त्यात कॅल्शियम दिसतं, पण ऑक्सलेटमुळे फारसं अंगी लागत नाही. तिळाची चटणी रोज दोन चमचे खा, पण ती एकटी पुरणार नाही, तिळातही ऑक्सलेट असतं. अंगावर ऊन घ्या. हाडांना व्यायामही लागतो.

यापेक्षा मोठी गोष्ट बी-१२ ची आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशानं मिळतच नाही. डाळीत नाही, पालेभाजीत नाही, मोडात नाही, आंबिलीतही नाही. माझी मावशी माळकरी होती. चहातल्या घोटभर दुधाशिवाय तिच्या पोटात प्राण्यापासून आलेलं काही जात नव्हतं. तिच्या तळपायाला मुंग्या यायच्या. दोन वर्षं लोक मणक्याचं म्हणत राहिले, मलम चोळलं, पट्टा बांधला. अंधारात चालताना तोल जाऊन ती पडली तेव्हा कुणीतरी रक्त तपासलं आणि बी-१२ अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी झाल्या, पण पायातली बधिरता पूर्ण गेली नाही. नसांचं नुकसान जास्त दिवस राहिलं की ते सगळं भरून येत नाही. मी तेव्हा शिकत होते आणि तिच्या घरी जाऊनही माझ्या लक्षात आलं नाही, हे मला अजून सलतं. म्हणून दूध-अंडी पूर्ण सोडणाऱ्या प्रत्येकाला मी बी-१२ ची गोळी घ्यायलाच लावते. रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम हे नेहमीचं प्रमाण आहे. आधीच कमतरता असेल तर डॉक्टर वेगळं प्रमाण देतील. ही गोळी महाग नसते, खारीच्या पुड्यांच्या खर्चात बसते.

सव्वा महिन्यात बी-१२ संपत नाही, यकृतात त्याचा साठा असतो. त्यामुळे आताचा थकवा त्याच्यामुळेच आहे असं मी म्हणत नाही. डाळ नसणं, लोह कमी असणं किंवा थायरॉइड हेही असू शकतं. म्हणून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठीची टीएसएच या तिन्ही तपासण्या एकदम करून घ्या.

सासऱ्यांना तुमचं ताट आजच देऊ नका. शुगरच्या काही गोळ्यांवर असताना जेवणातली भाकरी-भात एकदम कमी केला तर साखर धोकादायक खाली जाते, घाम फुटतो, चक्कर येते. आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा, मग बदला. मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यांचंही बी-१२ तपासायला सांगा, त्या गोळीनं ते कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ, पालेभाजी किती ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा. तुम्ही त्यात आहात आणि इथून परत फिरता येतं. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे त्यांचं लक्ष्य होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलो. ५७ किलो हा आकडा सध्या डोक्यातून काढा. ७६ वरून ७१ वर या, आणि त्याला चार-पाच महिने लागू द्या. पायी चालायला पाणंदीनं रानात जाऊन या, रोज अर्धा तास तरी. मशीनवर तासभर बसलात की उठून अंगणात दोन फेऱ्या मारा.

सुरुवात उद्याच करायची तर हे करा. आज रात्री मटकी भिजत घाला. सकाळी पोह्यांऐवजी कालची भाकरी कुस्करून त्यात ती मटकी आणि कांदा परता, मोजून एक चमचा तेल. मोड यायला दीड दिवस लागतो, पण उद्या नुसती भिजलेलीही चालेल, चांगली शिजवून घ्या. दुपारी घट्ट वरण, शेवग्याचा पाला, दीड भाकरी, लिंबू. चार वाजता खारीच्या वेळेला भाजलेले शेंगदाणे नाहीतर फुटाणे, मूठभर. रात्री सोयावडी घालून आमटी, काकडी, एक-दीड भाकरी. पोट गच्च वाटलं, गॅस झाला तर घाबरू नका. डाळीची सवय नसलेल्या पोटाला दोन-तीन आठवडे लागतात. कडधान्यं जास्त वेळ भिजवा, पाणी बदला आणि प्रमाण हळूहळू वाढवा.

तपासणीचे तिन्ही आकडे आले की मला लिहा, आणि किराणा यादीतली डाळ आणि तेल किती ते पण. सासूबाईंचं माडगं जमलं का तेही कळवा.